तीन नंबरची फ्लॉपी

गोळीबार चौक, नागपूर
९ नोव्हेंबर २०२५, रविवार

प्रिय धम्मानंद,

सप्रेम जयभीम.

तुझ्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं असं मोनालीकडून कळलं, म्हणून मुद्दाम एकेक ओळ सोडून, मोठं अक्षर काढून लिहीत आहे. कळमेश्वर काही सातासमुद्रापार नाही. बसमध्ये बसलो तर तासाभरात तुझ्या दारात असेन. फोनही आहे. पण फोनवर तू मध्येच बोलतोस आणि मी विषय सोडून पळतो. कागदावर पळणाऱ्याची निदान पावलं तरी दिसतात.

इकडे मी बरा आहे, गुडघे सोडले तर. सकाळी गच्चीत खुर्ची टाकून ऊन घेतो आणि सहावीतल्या, सातवीतल्या कविता म्हणत बसतो. शेजारच्यांना वाटतं, म्हातारा जप करतो. परवा एक अख्खी कविता, बावीस कडवी, न अडखळता म्हटली. शाळेत छडीच्या धाकाने पाठ केलेलं अजून जागचं हललेलं नाही बघ.

आता मुद्द्याचं. धम्मचक्र दिनाची गर्दी ओसरल्यावर तुझी लेक मोनाली गाडीच्या डिकीतून आपल्या दुकानातलं जुनं ४८६ मशीन घेऊन आली. पॉलिटेक्निकमध्ये ती जुन्या कॉम्प्युटरांचं एक कपाट मांडते आहे. काचेआड ठेवायचे नाहीत, चालू ठेवायचे, पोरांनी हात लावून पाहायचे. म्हणाली, "काका, तुमच्या दुकानातलं मशीन आहे. कोणती सिस्टम टाकायची, कोणतं सॉफ्टवेअर टाकायचं, तुम्हीच सांगा न."

मशीनवर तुझ्या आईचं, कौशल्याकाकींचं नऊवारी अजून तसंच होतं, अर्धं फाडून पांघरलेलं. वीस वर्षं त्यांनी ते खाटेशेजारी ठेवलं. लुगडं काढताना माझा हात थोडा थांबला. मोनालीला वाटलं, धुळीमुळे.

तर महिनाभर मी निवडतोच आहे. मोनालीचं मत असं की त्यात विंडोज ९८ आहे तेच राहू द्यावं. पोरांना ओळखीचं वाटेल, माउस फिरवता येईल. नाहीतर फ्रीडॉस टाकावं. ते फुकट आहे आणि जगभरातली हौशी मंडळी आजही त्यात भर घालतात. जुन्या चालीवर नवे शब्द बसवावेत तसं ते आहे, वाईट नाही. विंडोज ९५ही चालेल म्हणते. एखादं हलकं लिनक्सही सुचवत होती, पण एवढ्याशा मेमरीत ते म्हणजे खाटेवर वरात झोपवण्यासारखं.

माझं मत विचारशील तर डॉस ५ आणि त्यावर विंडोज ३.१. त्र्याण्णव साली आपण दुकान उघडलं तेव्हा होतं तेच. आणि आपलं ते पहिलं मराठी सॉफ्टवेअर, प्रिंटरच्या तारेआधी कुलपाची काळी डबी खोचल्याशिवाय जे एक अक्षर उमटू द्यायचं नाही. मशीनची निवड वृत्तासारखी असते, धम्मा. शार्दूलविक्रीडितात अंगाई बसत नाही. मशीन ज्या काळाचं, त्या काळाची चाल त्याला द्यावी, म्हणजे त्याचा श्वास लागत नाही. आठ एमबीचे सोळा केले म्हणून ते तरणं होत नाही. ते सोळाही मीच केले. तू तेव्हा कळमेश्वरच्या कारखान्यात लागला होतास, आठवड्यातून एकदा यायचास.

विंडोज ९८ मला का नको, ते सांगत बसत नाही. तो निळा पडदा उजळला की मला एप्रिल आठवतो, व्हायरसचा एप्रिल. तुझ्या बाबांची गाणी गेली तो.

'मैत्री टायपिंग अँड डीटीपी' ही पाटी जिथे होती, तिथे आता मोबाइलची कव्हरं लटकतात. मागच्या आठवड्यात सीताबर्डीला गेलो होतो, मेट्रो डोक्यावरून गेली आणि मी खालच्या गल्लीत उभा राहून आपल्या रविवारच्या दुपारी ऐकत होतो. शटर अर्धं खाली. तुझे बाबा स्टुलावर, मांडीवर थाप देत. मिलमधून सुटले तेव्हा हातात काही उरलं नव्हतं, गळा तेवढा उरला होता असं ते म्हणायचे. लिहिता येत नव्हतं, आणि गाणी अठ्ठावन्न. ते म्हणायचे, काकी मागून सूर ओढायच्या, मी टाइप करायचो, आणि सवयीने डाव्या हाताच्या बोटांवर मात्रा मोजायचो.

"मास्तर, बोटं काहून मोजून राहिले गा? पगाराची तारीख पाहून राहिले का?"

"मात्रा मोजतो बाबा. इथे एक कमी पडते."

"मंग पडू द्या न. आमच्या घरी काय काय कमी पडे, गाणं तरी पुरं कुठून येईन?"

आणि काकी तोंडाला पदर लावून हसायच्या.

किती वाहत गेलो. सांगायचं होतं सिस्टमबद्दल. परवा निघताना मोनालीने विचारलं, "काका, आजोबांच्या गाण्यांचा बॅकअप नव्हता का? बाबा तर म्हणतात, ते दर महिन्याला घ्यायचे." मी म्हटलं, बस, चहा टाकतो. चहा होईपर्यंत तिला फोन आला.

डोळ्यात थेंब वेळेवर घालत जा. उन्हात चष्मा लाव.

तुझा,
शालिक


गोळीबार चौक, नागपूर
२३ नोव्हेंबर २०२५, रविवार

प्रिय धम्मानंद,

सप्रेम जयभीम.

तुझे चार फोन येऊन गेले. घरीच होतो, फोन समोरच वाजत होता. मोनालीजवळ दिलेला निरोपही पोचला: "शालिकले म्हणा, सिस्टम निवडायले दोन महिने लागतेत का? लग्नाले पोरगी पाहून राहिला का तो?" हसलो. बऱ्याच दिवसांनी हसलो, आणि मग कागद घेऊन बसलो. हा सातवा कागद. आधीच्या सहांवर फक्त 'सप्रेम जयभीम' आहे.

मागच्या रविवारी मोनाली आली होती. मी आतून मेथीचे पराठे आणेपर्यंत तिने मशीन सुरू केलेलं. विंडोज ९८ उघडून ती फाइलींच्या तारखा पाहत होती.

"काका, ही विंडोजच्या फोल्डरची तारीख पाहा. बारा मार्च नव्व्याण्णव."

मी म्हटलं, "मशीनचं घड्याळ चुकत असेल."

"घड्याळ चुकलं असतं तर सगळंच चुकलं असतं. तुमच्या एप्रिलमधल्या लग्नपत्रिका बरोबर एप्रिलच्या आहेत." मग म्हणाली, "आणि काका, सव्वीस एप्रिलचा तो व्हायरस विंडोज ९५ आणि ९८ वरच चालायचा. गाणी टाइप झाली तेव्हा मशीनवर डॉस होतं. त्याला तो लागलाच नसता. आणि लागला असता, तर हे मार्चचं विंडोज इथं दिसलंच नसतं."

मी पराठ्याची ताटली हातात धरून उभा. बहात्तर वर्षांचा माणूस, प्रगतिपुस्तक लपवताना सापडलेल्या पोरासारखा.

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. चप्पल घालता घालता म्हणाली, "बाबांना मी सांगणार नाही. ते तुमचं काम आहे, काका."

तर सांगतो. व्हायरस आलाच नव्हता, धम्मा. आपल्या मशीनला कधीच नाही. गाणी मी पुसली.

त्या मार्चमध्ये सगळीकडे विंडोज ९८ची हवा होती. त्यावर चालणारं एक नवं मराठी सॉफ्टवेअर आलं होतं, त्यातलं अक्षर असं देखणं की माझी झोप उडाली. मला वाटलं, माझ्या कविता या अक्षरात छापल्या की कुणीतरी त्यांना कविता म्हणेल. तुला विचारलं असतं तर तू म्हणाला असतास, थांब, मी रविवारी येतो, आपण बसून करू. मला रविवारपर्यंत धीर नव्हता. तुझ्या बॅकअपच्या पाच फ्लॉप्या होत्या, तुझ्या टपोऱ्या अक्षरात एक ते पाच आकडे घातलेल्या. त्यांच्या भरवशावर मी डिस्क फॉरमॅट केली.

विंडोज चढलं. मग तुझ्या फ्लॉप्या घातल्या, तर नवी सिस्टम त्यांना ओळखच देईना: आवृत्ती चुकीची. ज्या डॉसने बांधलं त्याच डॉसने सुटणार. जुन्या डॉसच्या फ्लॉपीवरून मशीन सुरू केलं आणि बसलो. पहिली चालली, दुसरी चालली. त्या दोन्हींवर पत्रिकांचे नमुने होते, गाणी तिसरीपासून. तिसरी घातली. मशीन म्हणालं, हिच्यावर बॅकअपच नाही.

तेव्हा मला आठवलं. फेब्रुवारीत एका मासिकाच्या कचेरीत माझ्या कविता द्यायच्या होत्या. कोरी फ्लॉपी हाताशी नव्हती. तुझ्या डब्यातली एक काढली, पुसली, तिच्यावर माझ्या कविता घातल्या. कविता परत आल्या. फ्लॉपी परत डब्यात ठेवली, जिथली तिथे, वर तुझाच आकडा. मी नीटनेटका माणूस ना.

चौथी घालून पाहिली. पडद्यावर इंग्रजीत ओळ आली: फ्लॉपीचा क्रम चुकला आहे, बदला, किंवा हरकत नसेल तर कोणतीही कळ दाबून पुढे चला. मला वाटलं, पुढे गेलो तर उरलंसुरलंही बिघडेल. खरं सांगू? तेही नाही वाटलं. मला वाटलं, आत्ता मशीन बंद केलं तर हे घडलंच नाही असं होईल. बंद केलं. पाचही फ्लॉप्या घरी आणून ट्रंकेत टाकल्या.

दीड महिना मी तुला "नवा फॉन्ट बसवतोय, फाइली जुळवतोय" म्हणत राहिलो. आणि एप्रिलच्या शेवटी पेपरात व्हायरसची बातमी आली. गावोगावची मशीनं बसली म्हणून लोक हळहळत होते, आणि मला सुटल्यासारखं झालं. हे लिहिताना लाज वाटते, पण झालं होतं.

तुला सांगितलं, गाणी व्हायरसने खाल्ली. तू माझ्या खांद्यावर हात ठेवलास. म्हणालास, "तू काय करशीन गा त्याच्यात." बाबांना सांगायला आपण दोघं तुमच्या इंदोऱ्याच्या घरी गेलो. त्यांना दम लागत होता तेव्हा, उशीला टेकून बसले होते. ऐकून घेतलं आणि मलाच विचारलं, "व्हायरस म्हणजे किडा न? मंग खाऊ द्या त्याले. कोणाच्या तरी पोटात तं गेलं गाणं." मी रडलो. तुम्हा सगळ्यांना वाटलं, बाबांसाठी.

ते दिवाळीआधी गेले. पण धम्मा, ही सगळी अजून सोपी बाजू आहे. कठीण ते पुढे आहे. ते तुलाही ठाऊक नाही.

बाबा गेल्यावर काकी दुकानात आल्या होत्या. एकदा नाही, तीनदा. एकट्या, सिटी बसने, तू कारखान्यात असताना. पहिल्यांदा आल्या तेव्हा स्टुलावर बसल्या, बाबा बसायचे त्याच, आणि म्हणाल्या, "शालिक, लाव तुहं मशीन. मी म्हणून दाखवतो, तू पुन्हा टाइप कर. मले सारे येते. एखादं कडवं इकडचं तिकडं होईन, पण येते."

आणि मी म्हणालो, "काकी, नवा फॉन्ट नीट बसू द्या. मग बसू आपण."

दुसऱ्यांदा म्हणालो, लग्नाचा सीझन आहे. तिसऱ्यांदा त्यांनीच हसून विचारलं, "काय गा, बसला का तुहा फाँट? का अजून उभाच हाय?" मी म्हणालो, पुढच्या महिन्यात नक्की. त्या समोर बसून गातील आणि मी पडद्याकडे पाहत टाइप करीन, हे मला सोसणार नव्हतं. एवढंच कारण. त्यांच्या आवाजापुढे माझं खोटं टिकलं नसतं. त्या चौथ्यांदा आल्या नाहीत.

दुकान मोडलं तेव्हा त्यांनी एकच वस्तू मागितली. "त्याईचे गाणे याच्यातच मेले न? मंग हे माह्याजवळच राहू दे." त्या गेल्यावर त्यांच्या जलदानविधीच्या दिवशी मी मंडपात सगळ्यात मागे उभा होतो. तू पुढे बोलावलंस, मी पाण्याचे ग्लास भरायला गेलो. खोलीच्या दारातून ते मशीन दिसत होतं. बाबांच्या मागे चोवीस वर्षं त्या होत्या, धम्मा. चोवीस वर्षांत एक दुपार मला मिळाली नाही.

मोनाली गेल्यावर मी ट्रंक उघडली. फ्लॉप्या आहेत. नागपूरच्या कोरड्या हवेने बुरशी धरली नाही. ड्राइव्हचं तोंड स्पिरिटने पुसलं, विंडोज ९८ काढून टाकलं, डॉस ५ घातलं. म्हणून म्हणत होतो, दुसरी कोणतीही सिस्टम नको. वृत्ताच्या गोष्टी मी तुला उगाच ऐकवल्या. एक, दोन चालल्या. तीन वगळली. चार घातली, आणि तीच ओळ आली: क्रम चुकला आहे, बदला किंवा पुढे चला.

मी कळ दाबली.

नावं धावायला लागली, एकाखाली एक. काहीच बिघडलं नाही. नव्व्याण्णव सालीही बिघडलं नसतं. चौथी संपली, पाचवी मागितली, पाचवीही चालली. ट्रंकेतलंच जुनं मराठी सॉफ्टवेअर चढवलं, कुलपाची डबी खोचली, आणि पहिली फाइल उघडली:

भोंगा झाला पहाटेचा, ऊठ वं माये,
अर्धी भाकर धुडक्यात, अर्धी चुलीपाशी राहे.

अठ्ठावन्नपैकी एकोणचाळीस गाणी आली. बाबा जिवंत असताना ती त्यांच्या हातात देता आली असती. उरलेली एकोणीस काकींनी म्हटली असती. एकही जायला नको होतं.

पाचव्या फ्लॉपीवर तू केलेली अनुक्रमणिका आहे, त्यामुळे कोणती एकोणीस गेली ते नावानिशी कळतं. त्यात अकरावं 'कौशल्येचं गाणं'. ते बाबा म्हणायला लागले की काकी उठून शटरपाशी जायच्या, "कायले टाकता हे मशीनीत? लाज नाही वाटत का म्हातारपणी?" आणि पाठमोऱ्या उभ्या राहून पुरं ऐकायच्या. ते गाणं मी दोन दिवस आठवतो आहे. पाठमोऱ्या काकी आठवतात, बाबांची मांडीवरची थाप आठवते. शब्द नाहीत. मी स्वतःच्या बोटांनी टाइप केलेलं गाणं, धम्मा. सहावीतली बावीस कडवी मला येतात आणि त्या एकोणिसांतली एक ओळ पुरी येत नाही. मी ती कधी कविता म्हणून ऐकलीच नाहीत. मात्रा मोजत होतो.

तिसरी फ्लॉपीही वाचून पाहिली. माझ्या कविता शाबूत आहेत, सगळ्या. चांदणं आहे, प्राजक्त आहे, आणि एक नदी आहे जी मी कधी पाहिली नव्हती. एवढ्यासाठी.

सोबतच्या जाड लिफाफ्यात एकोणचाळीस गाणी छापून ठेवली आहेत, मोठ्या अक्षरात. मोनालीच्या कपाटात मशीन जाईल तेव्हा सिस्टम डॉस ५च राहील आणि गाणी त्यातच असतील. व्हायरसची खोटी गोष्ट कुणी पोरांना सांगू नये, एवढं तिला मी सांगेन. पाटीवर काय लिहायचं ते तू सांग. माझं नाव घालायचं असेल तर खऱ्या कामासकट घाल.

पुढच्या रविवारी सकाळच्या पहिल्या बसने कळमेश्वरला येतो. वही आणि पेन आणेन, मशीन नाही. त्या एकोणिसांतलं तुला जे आठवत असेल, अर्धं कडवं, नुसती चाल, एखादा शब्द, ते म्हण, मी लिहून घेईन. मात्रा मोजणार नाही. दार उघडलं नाहीस तर ओट्यावर दुपारच्या गाडीपर्यंत बसेन आणि परत जाईन. पुढच्या रविवारी पुन्हा येईन. काकी तीनदा आल्या होत्या. मी मोजणार नाही.

पत्राच्या शेवटी आजवर 'तुझा' लिहीत आलो. या खेपेला ती जागा रिकामी सोडतो. तिथे काय लिहायचं ते तू ठरव.

शालिकराम धकाते